डोमेनला भाव लावताना: पहिला आकडा कसा ठरवायचा आणि तो कधी हलवायचा

मी डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, घेऊन ठेवतो आणि पुढे विकतो. माझं विकलं गेलेलं पहिलं डोमेन ४८८ डॉलरला गेलं. दोन शब्दांचं डॉट कॉम होतं, नोंदणीला ११ डॉलर लागले होते. विक्रीची मेल मी तीनदा वाचली आणि दिवसभर हवेत होतो. दोनेक महिन्यांनी सहज म्हणून त्या पत्त्यावर गेलो, तर तिथे एक चांगली चालती कंपनी. पानाच्या तळाशी स्थापनेचं साल होतं. म्हणजे गेली तीन वर्षं ही मंडळी त्याच नावाआधी ‘गेट’ जोडून दुसऱ्या पत्त्यावर धंदा करत होती. त्यांनी माझ्याशी घासाघीससुद्धा केली नव्हती, भाव बघितला आणि पैसे भरले. मी शोधलं असतं तर ती कंपनी पाच मिनिटांत सापडली असती. पण मी शोधलंच नव्हतं. पाचशेच्या आतला आकडा बरा वाटला, लावून टाकला.

नवखे लोक भाव लावतात ते बहुतेक असेच. कुणी घाबरून कमी लावतो, कुणी नावाच्या प्रेमात पडून पन्नास हजार लावतो. खरं तर नाव तुम्हाला किती आवडतं याचा भावाशी फारसा संबंध नसतो. भाव ठरतो दोन गोष्टींवर: ते नाव कुणाला लागू शकतं, आणि तो माणूस येईपर्यंत तुम्ही किती थांबू शकता. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांचीच उत्तरं काढण्यासाठी आहेत. तुमच्याकडे दहा ते शंभर-दीडशे नावं आहेत असं धरून लिहितो.

पहिली पायरी: आधी स्वतःचा हिशोब

नावाकडे बघण्याआधी कागद घ्या. समजा तुमच्याकडे १०० डॉट कॉम आहेत. दर नावाचं वार्षिक नूतनीकरण ११ डॉलर, म्हणजे वर्षाला १,१०० डॉलर. नावं घेताना सरासरी ४० डॉलर गेले असतील तर गुंतवणूक ४,००० डॉलर. ती पाच वर्षांत वसूल करायची म्हटली तर वर्षाला ८००. एकूण १,९०० डॉलर दरवर्षी बाहेर जाणार, एकही नाव विकलं नाही तरी.

आता येणारा पैसा. या धंद्यातली माणसं ढोबळमानाने असं धरतात की बऱ्या नावांच्या साठ्यातली वर्षाला १ ते २ टक्के नावं विकली जातात. मधला आकडा धरू: दोन वर्षांत तीन विक्री. दोन वर्षांचा खर्च ३,८००, भागिले तीन, म्हणजे प्रत्येक विक्रीतून १,२६७ डॉलर हातात यायला हवेत. मार्केटप्लेसने, म्हणजे नावं विक्रीला ठेवायच्या साइटने, २० टक्के कमिशन कापलं तर विक्रीचा भाव झाला सुमारे १,५८३ डॉलर. आणि यात तुमची कमाई शून्य आहे, फक्त तोटा नाही इतकंच.

आता तीच १०० नावं ५०० डॉलरला लावून बघा. कमिशन जाऊन ४०० हातात. वर्षाचे १,९०० भरून काढायला जवळजवळ पाच विक्री हव्यात. भाव उतरवल्याने विक्री थोडी वाढेलही, पण तिप्पट होते असा माझा तरी अनुभव नाही. ज्याला नाव हवंच आहे तो दीड हजारालाही घेतो, आणि ज्याला नको आहे तो फुकटही घेणार नाही.

हा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा. नूतनीकरणाचा दर रजिस्ट्रारनुसार, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीनुसार, बदलतो आणि वाढतही राहतो. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही, चालवणाऱ्या व्हेरिसाइनचा रजिस्ट्रारांसाठीचा घाऊक दर २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता, सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ झाला. डॉट एआयची नोंदणीच किमान दोन वर्षांसाठी करावी लागते आणि वर्षाचा खर्च ७० डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे एक डॉट कॉम दहा वर्षं सांभाळायला शंभर-सव्वाशे डॉलर, तर एक डॉट एआय सांभाळायला सात-आठशे. थांबण्याची ताकद इथेच ठरते. डॉट कॉमवर मी खुशाल अडून बसतो. महागड्या नूतनीकरणाच्या नावावर बसत नाही.

नव्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे नावाच्या शेवटच्या ‘डॉट अमुक’ भागांमध्ये, आणखी एक खाच आहे. काही नावं ‘प्रीमियम’ म्हणून नोंदलेली असतात आणि त्यांचं नूतनीकरणही दरवर्षी शेकड्यांनी असतं. तो भार विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडणार, त्यामुळे तो तुमच्या भावातून तेवढं वजा करूनच विचार करतो. असं नाव घेण्याआधीच पुढच्या वर्षाचा दर बघा.

दुसरी पायरी: घाऊक की किरकोळ

एकाच नावाला दोन भाव असतात. तुमच्यासारख्याच दुसऱ्या व्यापाऱ्याला विकलं तर घाऊक, नाव वापरणाऱ्या कंपनीला विकलं तर किरकोळ. दोन्हींत सहज दहापटीचं अंतर असू शकतं. लिलावात २०० डॉलरला गेलेलं नाव पुढे अडीच हजाराला विकलं गेलं तर त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. पहिल्याने लगेच पैसे घेतले, दुसऱ्याने कदाचित आठ वर्षं वाट बघितली.

नवखे इथे घोळ घालतात. व्यापाऱ्यांच्या गटात नाव दाखवतात, तिथे कुणीतरी “पन्नास डॉलर” म्हणतं, आणि यांना वाटतं नावाची लायकीच पन्नास आहे. तो घाऊक भाव आहे. मागायचा भाव किरकोळीचा लावायचा.

याला अपवाद म्हणजे ज्यांना व्यापाऱ्यांमध्येच कायम मागणी असते अशी नावं. तीन अक्षरी डॉट कॉम जगात फक्त १७,५७६ होऊ शकतात, आणि ती सगळी केव्हाच गेलेली आहेत. चार अक्षरी ४,५६,९७६. चार आकडी १०,०००. अशा नावांना कुठल्याही दिवशी घाऊक गिऱ्हाईक मिळतं, म्हणून त्यांच्या भावाला एक तळ असतो. तुमच्या दोन शब्दी नावाला असा तळ नाही, योग्य माणूस येईपर्यंत त्याची किंमत जवळपास शून्यच धरा.

तिसरी पायरी: गिऱ्हाईक शोधा, विकायला नव्हे, मोजायला

माझा ४८८ डॉलरचा धडा इथला. प्रत्येक नावासाठी दहा-पंधरा मिनिटं द्या. उदाहरण म्हणून ‘कॉपरलँटर्न डॉट कॉम’ असं एक नाव घेऊ. ते कुणाचं आहे, आहे की नाही, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

आधी अवतरणचिन्हांत ‘कॉपर लँटर्न’ टाकून गूगलवर शोधा. या नावाच्या किती कंपन्या, स्टुडिओ, सल्लागार दिसतात? लिंक्डइनवर तेच करा. मग हेच नाव इतर एक्स्टेन्शनमध्ये कुणी घेतलंय का ते पाहा: डॉट नेट, डॉट सीओ, डॉट आयओ, वेगवेगळ्या देशांची एक्स्टेन्शन. नुसती घेतलेली मोजू नका, उघडून बघा. पंधरा एक्स्टेन्शनपैकी बारा विक्रीला टांगलेली असतील तर ती गिऱ्हाइकं नव्हेत, ते तुमचे भाऊबंद आहेत. सगळ्यात शेवटी नावाआधी ‘गेट’, ‘ट्राय’, ‘द’ आणि नावानंतर ‘ॲप’, ‘एचक्यू’, ‘ग्रुप’, ‘स्टुडिओ’ लावून पत्ते उघडा. तिथे चालती साइट सापडली तर तो तुमचा सगळ्यात जवळचा खरेदीदार. त्याच्या ग्राहकांच्या काही मेल आजही तुमच्या पत्त्याकडे भरकटत असणार.

सापडलेलं सगळं वहीत लिहा: “दोन चालत्या कंपन्या, एक ‘स्टुडिओ’ लावलेली, एकीचे साधारण चाळीस कर्मचारी.” ही एक ओळ कुठल्याही मूल्यांकन यंत्रापेक्षा उपयोगी आहे. पाच माणसांच्या दुकानाला तीन हजार डॉलर जड जातात, चाळीस माणसांच्या कंपनीला तो एका महिन्याच्या जाहिरातीचा खर्च असतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. शोधताना जर असं दिसलं की हे नाव एकाच कंपनीचं आहे, त्यांचा ट्रेडमार्क आहे आणि त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही, तर भाव लावूच नका, नाव सोडून द्या. डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचं १९९९ पासून लागू असलेलं वादनिवारण धोरण स्पष्ट सांगतं की ट्रेडमार्कवाल्याला चढ्या भावाने विकण्याच्या मुख्य हेतूने नाव नोंदणं हा वाईट हेतूचा पुरावा. तिथे नाव जातं. अमेरिकी कायद्याखाली तर एका नावामागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. ‘कॉपर लँटर्न’सारखे सर्वसाधारण शब्द वेगळे, ते अनेकांचे असतात, म्हणूनच त्यांचा भाव मागता येतो.

चौथी पायरी: झालेल्या विक्री बघा, पण हातचं राखून

नेमबायो या साइटवर झालेल्या विक्रींची मोठी नोंद आहे: नाव, तारीख, रक्कम, ठिकाण. तुमच्या नावातला एक शब्द घ्या, तो ज्या जागी आहे त्याच जागी ठेवून शोधा. ‘लँटर्न’ने संपणारी डॉट कॉम गेल्या पाच वर्षांत कितीला गेली? पाच-सहा विक्री सापडल्या तरी पुरे.

वाचताना तीन गोष्टी जपायच्या. एक, ठिकाण बघा: मुदत संपलेल्या नावांच्या लिलावातली विक्री म्हणजे घाऊक भाव. दोन, तिथे फक्त विकली गेलेली नावं दिसतात. तसल्याच जी शेकडो नावं वर्षानुवर्षं पडून आहेत ती कुठे नोंदली जाणार? आणि तीन, बातम्यांतल्या विक्री बाजूला ठेवा. मायक्रोस्ट्रॅटेजीने २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला विकलं हे खरं, पण त्यावरून ‘व्हॉइसकुकरऑनलाइन’ची किंमत काढू नका. हसू नका, असे हिशोब मी पाहिलेत.

स्वयंचलित मूल्यांकनाबद्दल: गोडॅडीचं आहे, एस्टिबॉट आहे, आणखीही आहेत. मी पाहतो, कारण खरेदीदारही ते पाहतो. यंत्र १,२०० म्हणत असेल आणि मी ९,००० मागत असेन तर तो स्क्रीनशॉट मला येणार हे धरून चालायचं. त्यापलीकडे या यंत्रांना ‘गेट’वाली कंपनी दिसत नाही, तुम्हाला दिसते.

पाचवी पायरी: आकडा लिहा

इथे फार शास्त्र नाही. मी नावांचे चार गट करतो.

ज्याला शोधून एकही खरा खरेदीदार सापडला नाही पण नाव ऐकायला-लिहायला सोपं आहे, ते १,५०० ते २,५०० मध्ये. ज्याला दोन-चार चालत्या, छोट्या कंपन्या सापडल्या ते २,५०० ते ५,०००. ज्याच्यामागे मोठा उद्योग आहे, अनेक कंपन्या आहेत आणि एखादी तरी कामचलाऊ पत्त्यावर बसलेली आहे, ते ५,००० ते १५,०००. त्यावरचं एखाददुसरं असेल तर त्याला आकडा लावायची घाई नको, आधी चौकशी येऊ दे. आणि जे नाव दीड हजाराच्याही लायकीचं वाटत नाही, त्याचं नूतनीकरण करायचं का, हाच प्रश्न विचारा.

गटात खालचं टोक की वरचं, हे बारीकसारीक गोष्टी ठरवतात. फोनवर एकदा सांगितलं तर समोरच्याला बरोबर लिहिता येतं का? मध्ये हायफन आहे का? असेल तर गटातूनच खाली उतरवा. एकवचन स्वाभाविक आहे की अनेकवचन? दोन शब्द जोडले की मध्येच तिसराच नको तो शब्द तयार होतो का? मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घ्या.

आकड्याची शेवटची दुरुस्ती: गोल संख्येच्या जरा आत राहा. २,०५० पेक्षा १,९८८ बरा, १०,२०० पेक्षा ९,८०० बरा. कंपन्यांमध्ये अमुक रकमेपर्यंत एकट्या व्यवस्थापकाला सही करता येते, त्यावर वरच्याला विचारावं लागतं. विचारायला गेला की निम्मे सौदे तिथेच थंडावतात.

सहावी पायरी: भाव कुठे आणि कसा टांगायचा

पाच हजारापर्यंतच्या नावांना ठरलेला ‘बाय नाऊ’ भावच लावा. “ऑफर द्या” एवढंच लिहिलं की अर्धे लोक निघून जातात आणि उरलेले शंभर डॉलर देऊ करतात. आफ्टरनिक आणि सेडो या दोन मोठ्या मार्केटप्लेस तुमचं नाव अनेक रजिस्ट्रारांच्या शोधपेटीपर्यंत पोचवतात. कुणी तिथे नाव टाइप केलं की तुमचा भाव तिथल्या तिथे दिसतो आणि कार्डाने खरेदी होते. त्यासाठी फास्ट ट्रान्स्फरला, म्हणजे विकताच नाव आपोआप हलवण्याला, रजिस्ट्रारकडे संमती द्यावी लागते. ती द्याच, माझ्या बऱ्याचशा विक्री याच वाटेने झाल्या. नुकतंच नोंदलेलं किंवा नुकतंच हलवलेलं नाव साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

जुने मार्गदर्शक वाचत असाल तर डॅन डॉट कॉम या मार्केटप्लेसचा उल्लेख भेटेल. ते २०२२ मध्ये गोडॅडीने घेतलं आणि पुढे तिथली नावं आफ्टरनिककडे वळवली गेली. कमिशनही बदलत राहतं. नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता उघडल्यावर कुठलं पान दिसायचं ते ठरवणारी सोय, त्यांच्याकडे वळवलेत की नाही, विक्री त्यांच्या पानावरून झाली की भागीदार रजिस्ट्रारकडून, यावर ते १० ते २५ टक्क्यांत कुठेही असू शकतं. आजचं पान उघडून बघा आणि पहिल्या पायरीतला हिशोब त्यानुसार दुरुस्त करा.

भाव भरताना एक ‘फ्लोअर’ चौकट दिसते. याखाली विकायचं नाही, असा तो आकडा मार्केटप्लेसच्या विक्री-प्रतिनिधींसाठी असतो, खरेदीदाराला दिसत नाही. मी तो मागितलेल्या भावाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवतो. नवखे तो निम्म्यावर ठेवतात आणि मग नाव निम्म्यातच जातं, कारण त्या प्रतिनिधीला सौदा पटकन संपवायचा असतो.

हप्त्यांची सोय असेल तर चालू ठेवा. ३,६०० डॉलरचं नाव बारा महिन्यांत ३०० ने घेणारे लोक असतात, आणि पैसे पूर्ण फिटेपर्यंत नाव मार्केटप्लेसच्या ताब्यात राहतं. मध्येच हप्ते थांबले तर आलेले हप्ते तुमचे आणि नावही परत.

आता माझी दुसरी चूक. एका नावाचा भाव मी १,८०० वरून ४,२०० केला, एका मार्केटप्लेसवर. दुसरीकडे तेच नाव जुन्या भावाने टांगलेलं आहे हे साफ विसरलो. दहा दिवसांत ते तिथून १,८०० ला गेलं. आता माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे ‘कुठे कुठे’ असा रकाना आहे, आणि भाव बदलला की त्या रकान्यातल्या सगळ्या जागांवर टीक केल्याशिवाय मी उठत नाही. नवा भाव भागीदार रजिस्ट्रारांकडे पोचायला वेळ लागतो, तेवढा धोका उरतोच.

सातवी पायरी: ऑफर आली की

२,५०० च्या नावाला २०० ची ऑफर येते. चिडू नका आणि गप्पही बसू नका, त्याच दिवशी दोन ओळींत उत्तर द्या: “चौकशीबद्दल आभार. भाव २,५०० आहे. या आठवड्यात व्यवहार होत असेल तर २,३०० ला देता येईल.” बस. नाव किती छान आहे याचं पुराण नको, त्याला ते माहीत आहे म्हणूनच तो आलाय. उतरायचं तर आधी मोठं आणि पुढे लहान लहान पाऊल: २,३००, २,२००, २,१५०. उलट केलंत, म्हणजे शंभर, मग तीनशे, मग पाचशे, तर समोरचा थांबतो आणि आणखी उतरण्याची वाट बघतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तुमच्या मेलमधून गरज दिसू देऊ नका. नूतनीकरण पुढच्या आठवड्यात आहे हे त्याला सांगायचं कारण नाही.

“घ्यायला तयार आहे, पण आधी अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा” अशी मेल आली तर ती कचऱ्यात. ती साइट त्याचीच असते आणि प्रमाणपत्राची फी हाच त्याचा धंदा. मार्केटप्लेसबाहेरचा व्यवहार एस्क्रोने, म्हणजे नाव मिळेपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या संस्थेमार्फत, करा.

आठवी पायरी: भाव हलवणं, किंवा न हलवणं

पहिलं वर्ष कोरडं गेलं की सगळे भाव उतरवायला निघतात. थांबा, जरा गणित बघू. वर्षाला प्रत्येक नाव विकलं जाण्याची शक्यता २ टक्के आहे असं धरलं, सगळे भाव अगदी बरोबर आहेत असंही धरलं, तरी १०० नावांत वर्षभर एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. ५० नावं असतील तर ३६ टक्के. म्हणजे काहीही न चुकता, तीनातलं एक वर्ष कोरडं. विक्रीचा दर १ टक्का धरला तर १०० नावांनाही हेच ३६-३७ टक्के लागू. अशा शांततेवरून भाव जास्त आहेत असा निष्कर्ष निघतच नाही. त्यामुळे “निम्म्या नावांचा भाव २० टक्के उतरवून बघतो, काय फरक पडतो ते कळेल” हा प्रयोगही छोट्या साठ्यात फुकट. दोन विक्री इकडे आणि एक तिकडे, यावरून काय कळणार?

शिवाय उतरवण्याची किंमत मोजा. २,५०० वरून १,५०० वर आलात तर पूर्वी तीन विक्रीत जे यायचं त्यासाठी आता पाच लागतील. त्या पाच नावांच्या जागी तशीच पाच नवी नावं शोधायची, लिलावात लढून घ्यायची, हा खर्च वेगळाच.

मग कशावरून हलवायचं? विक्रीपेक्षा चौकशा जास्त येतात, म्हणून मी चौकशा मोजतो. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या साधारण दीड महिना आधी, प्रत्येक नाव घेऊन तिसरी पायरी पुन्हा करतो. त्या वर्षी कुणी नवीन कंपनी त्या नावाने उभी राहिली का, एखाद्या ‘ॲप’वाल्याला गुंतवणूक मिळाली का, तेच नाव दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये विकलं गेलं का.

चढवण्याची माझी कारणं ठरलेली आहेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी काही महिन्यांत विचारणा केली, तर चढवतो, २५ ते ५० टक्के. वहीत नोंदलेली कंपनी मोठी झाली, तर चढवतो. एखादं क्षेत्रच अचानक वर आलं, तर त्या क्षेत्राची सगळी नावं एकदम बघतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्यावर ज्यांनी आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावांचे जुने भाव तसेच ठेवले, त्यांची नावं रातोरात दुसऱ्या व्यापाऱ्यांनी उचलली. तीन-चार नावं लावल्या लावल्या आठवड्याभरात, घासाघीस न होता गेली, तर तो सगळ्या साठ्यालाच इशारा समजतो. एकच गेलं तर योगायोग.

बोलणी चालू असताना मात्र भाव चढवू नका. तो माणूस रोज तुमचं पान उघडून बघत असतो. २,५०० बघून त्याने २,००० देऊ केले आणि दुसऱ्या दिवशी पानावर ४,००० दिसले, तर तो जातो आणि वर चार ठिकाणी सांगतो. सौदा फिसकटल्यावर दोन-चार आठवडे जाऊ द्या, मग बघा.

उतरवण्याची कारणं त्यामानाने कमी. तीन वर्षांत एकही चौकशी नाही, आणि तिसरी पायरी पुन्हा करूनही खरेदीदार दिसत नाही. किंवा ज्या तंत्रज्ञानाचं नाव होतं ते लोक वापरेनासे झाले. किंवा नूतनीकरण महाग आहे आणि हिशोब बसत नाही. उतरवायचं तर जाणवेल असं उतरवा: २,५०० वरून २,४०० ने कुणाचंच मन बदलत नाही, एक गट खाली आणा. विकत घेणारा सहा महिन्यांपूर्वी पान बघून गेला असेल तर त्याला फरक दिसला पाहिजे.

भेटींच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. लँडिंग पानाला, म्हणजे नावाच्या पत्त्यावर दिसणाऱ्या विक्रीच्या पानाला, महिन्यात साठ भेटी दिसल्या म्हणून मी एकदा खूश झालो होतो, त्यातल्या बहुतेक बॉटच्या, म्हणजे माणसांच्या नव्हे तर प्रोग्रॅमच्या, निघाल्या.

नववी पायरी: सोडायची नावं

काही नावं सोडावीच लागतात. ठरवलंत की मुदतीच्या महिना-दीड महिना आधी ते नाव घाऊक भावाला काढा, तीस-पन्नास डॉलर, व्यापाऱ्यांच्या गटात किंवा लिलावात. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत साध्या दराने नूतनीकरण करता येतं, पण अनेक रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावाला काढतात. पुढचे ३० दिवस परत मिळवायला जबर दंड, मग ५ दिवसांनी नाव सगळ्यांसाठी मोकळं. मुदत संपल्यानंतर त्याच नावासाठी चौकशी आली तर दंड भरून परत घ्यायचा मोह होतो. आधी खरेदीदाराकडून भाव पक्का करून घ्या, पैसे एस्क्रोत येऊ द्या, मगच दंड भरा.

सोडलेलं नावही वहीतून खोडू नका. त्यापुढे शेवटचा भाव, किती वर्षं ठेवलं, किती चौकशा आल्या एवढं लिहून ठेवा आणि वर्षभराने तो पत्ता एकदा उघडून बघा. माझ्याकडे सोडलेल्या ४१ नावांची अशी यादी आहे. त्यातल्या दोन पत्त्यांवर आज चालत्या साइट आहेत, बाकीचे रिकामे किंवा दुसऱ्या कुणीतरी विक्रीला टांगलेले. त्या दोनपैकी एकाचा भाव मी शेवटच्या वर्षी ९९ डॉलरपर्यंत उतरवला होता, तरी ते कुणी घेतलं नव्हतं.